सावलीपेक्षा पुढे जाऊ नये

एक हॉर्न म्हणजे सावकाश. दोन हॉर्न म्हणजे सुट.

बेदाणा पिवळाधमक दिसतो तो द्राक्षाच्या गुणानं नव्हे. बंद खोलीत गंधक पेटवून धुरी देतात, तेव्हा तो रंग धरतो. धुरी न दिलेला बेदाणा काळपट राहतो. गोडीला तेवढाच असतो, पण बाजारात त्याला कुणी हात लावत नाही.

गगनबावड्याच्या स्टँडसमोर एका गाड्यावर यंदा नवीन खेळणं आलंय. निळ्या प्लॅस्टिकचा पंप, दम्याचे पेशंट तोंडात मारतात तसा. दाबला की शिट्टी वाजते.

बिरनाळ्यांच्या घरात आधी थोरलीचं. नवे कपडे, बंबातलं कढत पाणी, सायकल. थोरलीचं झालं की धाकटीचं. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, धाकटीलाही नाही.

सावलीपेक्षा पुढे. मात्रा कमी केली आहे.

*

यातली शेवटची ओळ उमटली ती उत्कर्षा बिरनाळेच्या हँडलवरच्या पडद्यावर, तळेऱ्याजवळच्या चढावर. दक्षिण सह्याद्री टूरचा शेवटून दुसरा टप्पा चालू होता. पुढे पळालेल्या चौघींना ती एकटीच गाठत आणत होती, आणि गाठणारही होती. ओळ उमटली तशी दंडावरची दम्याच्या औषधाची पट्टी बारीक गुरगुरली. तो आवाज कानाला येत नसे, कातडीला कळे. थोडं अंतर गेलं आणि छाती आवळत आली, कुणी मागं उभं राहून नाडी ओढावी तशी.

"उत्कर्षा, लाल झालीस," कानात लोबो सर म्हणाले. वेंगुर्ल्याचे लोबो सर तिच्या संघाचे मार्गदर्शक, मागच्या गाडीतून येत होते. "हिरव्यात ये बाई. टीव्हीवर सगळे बघतायत."

"सर, मी काही केलं नाही. नुसती जोरात चालवतेय."

"तेच तर करू नको म्हणतोय."

चौघी वळणाआड गेल्या. रस्त्याकडेच्या एका पोरानं शिट्टी फुंकली. "ए पंपवाली, हवा संपली का?"

*

दमेकरी खेळाडूला औषधाची सूट द्यायची पद्धत जुनीच. पूर्वी डॉक्टरांचं पत्र लागे, समिती ते बघे आणि सही करी. पुढं अशी पत्रं वाढत गेली. निम्म्या शर्यतीला दमा आहे की काय, असं लोक हसून विचारू लागले, आणि ज्यांना खरोखर होता त्यांनाही तेच हसू ऐकून घ्यावं लागलं. औषध श्वासनळ्या रुंद करतं. आजाऱ्याला निरोग्याच्या बरोबरीला आणतं ते ठीक, पण बरोबरी कुठं संपते आणि फायदा कुठं सुरू होतो ते कोण सांगणार?

त्याला उत्तर म्हणून सावली आली. तिचं अधिकृत नाव लांबलचक होतं, ते कुणी घेत नसे. कल्पना साधी होती. खेळाडूच्या निरोगी काळातले आकडे घ्यायचे: नाडी, श्वास, रक्तातला प्राणवायू, पेडलवर पडलेला जोर. त्यांतून संगणकात तिचं एक जुळं उभं करायचं, ज्याला आजार कधी झालाच नाही. हे जुळं वयानं वाढतं, उन्हात दमतं, शर्यतीत खेळाडूच्या शेजारून अदृश्य चालतं. दंडावरची पट्टी क्षणोक्षणी रक्त वाचते आणि औषध सोडते ते इतकंच, की खरी बाई सावलीच्या बरोबरीला यावी. ती सावलीपुढं गेली तर ते पुढचं सगळं औषधाच्या नावावर पडतं, टीव्हीवर तिचा ठिपका लाल होतो आणि पट्टी हात आखडता घेते.

यात खोट काढायला जागा नव्हती. उत्कर्षाला मात्र पहिल्याच हंगामात कळलं होतं की निरोगी बाईनं मेहनत केली की ती वाढते, आणि आजारी बाईनं तीच मेहनत केली की तिची चौकशी होते.

सावलीचा पाया एका चढाईवर घातलेला असे. सरावाचे आकडे चालत नसत, कारण सरावात कुणीही हातचं राखतो. संघाच्या शर्यती चालत नसत, तिथं एकीला जिंकवायला दुसरी मरते. चालायची ती फक्त निवड चाचणी. सगळ्यांनी एकदम सुटायचं, कुणी कुणाला मदत करायची नाही, वर पहिली पोचेल ती राष्ट्रीय संघात. तिथला जोर हा पूर्ण जोर, असं नियमच सांगतो. उत्कर्षाच्या दम्याआधीची अशी चाचणी एकच होती, करूळ घाटातली. तीत ती दुसरी आली होती. पहिली आली तिची थोरली बहीण.

आणि उद्याचा शेवटचा टप्पा त्याच करूळ घाटातून वर गगनबावड्याला चढणार होता. ज्या घाटात पाया घातला, त्या घाटात सावली वळणागणिक त्याच चढाईवरून चालते.

*

सुनावणी वैभववाडीतल्या एका शाळेच्या वर्गात झाली. औषधसूट समितीच्या डॉ. निमकर मुलांच्या बाकावर अवघडून बसल्या होत्या. भिंतीवर फुप्फुसांचा तक्ता होता, त्यातल्या एका फुप्फुसाला कुणीतरी मिशा काढल्या होत्या.

"बस. आज पुन्हा लाल."

"मॅडम, मी सराव केलाय. वाढले असेन."

"सावली सराव धरते. साधारण जेवढा फरक पडतो तेवढा धरते."

"आणि मी साधारण नसेन तर?"

"ते प्रत्येकीलाच वाटतं गं." निमकरांनी चष्मा काढला. त्या काही वाईट बाई नव्हत्या, उत्कर्षाला त्याचाच जास्त राग येई. "हे बघ, सावली चुकणारच नाही असं मी म्हणत नाही. तिला जे दिलं त्यावर ती चालते. तुझा पाया पुन्हा तपासायला घेऊ, पण मला कारण लागेल. त्या चाचणीत तू आजारी होतीस?"

"नाही. दमा पुढच्या वर्षी निघाला."

"पडलीस? चेन तुटली?"

"नाही."

"मग तो तुझा पूर्ण जोर होता."

उत्कर्षानं मिशावाल्या फुप्फुसाकडं बघितलं.

"होता ना?"

*

नव्हता.

द्राक्षं वाहणारा अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, टेम्पो हीच बिरनाळे बहिणींची तालीम. तासगाव रस्त्यावर टेम्पो पुढं, पोरी मागं, आणि मधे हॉर्नची भाषा. चाचणीच्या दिवशी अण्णांनी टेम्पो घाटात धबधब्याच्या वळणावर उभा केला होता. उत्कर्षा वळणावर आली तेव्हा सगळ्यांत पुढं होती. अक्का मागच्या वळणाआड. पायात अजून चिक्कार जोर होता. अण्णा स्टिअरिंगवर हात ठेवून तिच्याकडं बघत होते.

एक हॉर्न वाजला.

तिनं विचारसुद्धा केला नाही. घरातल्या पोरीनं बंबापासून बाजूला व्हावं तशी ती बाजूला झाली. दोन्ही ब्रेक दाबले, अक्का पुढं जाईपर्यंत.

पुढं अक्कानं आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पदक आणलं. पदकावर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली, सन्मती बिरनाळे तालुका क्रीडा अधिकारी झाली. उत्कर्षानं आता 'पूर्ण जोर नव्हता' एवढं म्हटलं, की चाचणी खोटी. चाचणी खोटी म्हणजे निवड खोटी, तिच्यामागं पदक, पदकामागं नोकरी.

"विचार करून सांगू का?" तिनं निमकरांना विचारलं.

"उद्या शर्यत सुटायच्या आत सांग."

*

"अक्का, करूळची चाचणी आठवते?"

"न आठवायला काय झालं? तिच्यावर तर जेवतेय." फोनच्या पलीकडं भांड्यांचा आवाज होता. सुट्टी म्हणून अक्का सांगलीला घरी आली होती. "का गं? उद्या तोच घाट म्हणून?"

"धबधब्याच्या वळणावर मी ब्रेक लावला होता, ते सांगावं लागेल असं दिसतंय. तुझ्याशी बोलल्याशिवाय नको म्हटलं."

भांड्यांचा आवाज थांबला.

"कसला ब्रेक?"

"अक्का, अण्णांनी हॉर्न दिला होता की. एक."

"हॉर्न मी पण ऐकला. मला वाटलं वरून एसटी येतेय, ते सांगतायत."

इतकी वर्षं उत्कर्षा धरून चालली होती की ही गोष्ट तिघांनाही माहीत आहे, आणि माहीत आहे म्हणूनच कुणी तिचा विषय काढत नाही.

"तुला माहीत नव्हतं?"

"मी वळण घेतलं तर तू कडेला रेंगाळत होतीस. मला वाटलं, हिचं संपलं." अक्काचा आवाज खाली आला. "तिथून वर मी जशी चालवली ना उत्कू, तशी परत आयुष्यात चालवली नाही. पोरांना शिकवताना तीच चढाई सांगते मी. आणि तू म्हणतीस ती तू मला दिलीस."

"मी तसं म्हणत नाही."

"मग कसं म्हणतीस?"

"पाया चुकलाय एवढंच म्हणतेय. मला पट्टी श्वास देत नाही, अक्का."

"खरं सांगू? पंपावर चालायला लागल्यापासून तुला दुसऱ्याच्या जिंकण्यातसुद्धा टोचलेली सुई दिसायला लागलीय."

'पंपावर चालते' हे उत्कर्षानं स्टँडवर ऐकलं होतं, टीव्हीवर ऐकलं होतं, हरलेल्या पोरींच्या तोंडून ऐकलं होतं. घरातून पहिल्यांदा ऐकलं.

"अण्णांना दे," ती म्हणाली.

अण्णा आले. त्यांनी आधी जेवलीस का विचारलं.

"अण्णा, तिला सांगा तुम्ही हॉर्न का दिला ते."

"आता ते मागचं कशाला उकरतीस? थोरलीचं लग्न ठरायचं होतं. नोकरी लागली तर बरं, एवढंच डोक्यात. तुझी पाळी पुढल्या वर्षी होतीच की."

"पुढल्या वर्षी मला दमा झाला."

"ते मला ठाऊक होतं व्हय?" अण्णा खाकरले. "वाफ घेत जा. आणि घाटात पहिल्या टप्प्याला जोर लावू नको, मागनं लाव." आणि त्यांनी फोन ठेवला.

उत्कर्षानं उशी उचलून भिंतीवर मारली. उशी मऊ होती, आवाजही झाला नाही.

*

सकाळी निमकर सुरुवातीच्या रेषेपाशी उभ्या होत्या. उत्कर्षा सायकल ढकलत त्यांच्यापर्यंत गेली.

"पूर्ण जोर होता," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

निमकरांनी मान हलवली आणि हातातल्या पडद्यावर बोट टेकवलं. झालं.

शेजारी नाशिकची मनस्वी गायधनी हातमोजे चढवत होती. टूरमध्ये तीच पहिली होती आणि तिच्यामागं थोड्याशा फरकानं उत्कर्षा. "काय ठरलं गं तुझं? आज कुठवर यायची परवानगी आहे?"

"धबधब्यापर्यंत," उत्कर्षा म्हणाली.

मनस्वी हसली, मग तिचं हसू जरा ओशाळलं. "चिडू नको. माझ्या जुन्या चाचणीवरून कुणी ठरवलं असतं ना की मी पुढं किती फास्ट होणार, तर मी पण फसलेच असते."

*

घाटाचा पहिला टप्पा उत्कर्षा अण्णांनी सांगितल्यासारखी चढली, आणि त्यांचं ऐकतोय याचाच राग येत राहिला. घोळका विरळ होत गेला. शेवटी पुढं मनस्वी, तिच्यामागं उत्कर्षा, दोघीच उरल्या. हँडलवरच्या पडद्यावर दोन रेघा. हिरवी तिची, करडी सावलीची. दोन्ही एकमेकींना चिकटून.

"छान. अशीच रहा," लोबो सर. "दुसरा नंबर पक्का आहे."

खाली दरीत ऊन होतं, रस्त्यावर सावली होती. झाडांची, साधी. मनस्वीनं एकदा मागं बघितलं आणि उठून पेडल मारायला लागली. उत्कर्षाही उठली. करडी रेघ तिच्यासोबत उठली. हे मात्र तिला आवडलं. तेव्हाची ती पोरगी इथं खरंच उठली होती, हसत उठली होती, पुढं कुणी नव्हतं म्हणून.

मग धबधब्याचं वळण आलं.

करडी रेघ खाली पडली.

उतरली नाही, पडली. जिन्यावरून भांडं पडावं तशी तळाला जाऊन आपटली आणि तिथंच राहिली. पडद्यावर जोराच्या रकान्यात सावलीपुढं शून्य होतं. घाटात ठिकठिकाणी लावलेल्या मोठ्या पडद्यांवरही तेच दिसत होतं. भर चढावर, कुणी थांबत नाही अशा जागी, संगणकातली निरोगी उत्कर्षा ब्रेक दाबून उभी होती. कुणाची तरी वाट बघत.

सावलीपेक्षा पुढे.

"उत्कर्षा, थांब. ते काहीतरी बिघडलंय, पण थांब. लाल होशील."

मात्रा कमी केली आहे.

थांबता आलं असतं. सावलीसारखं उभं राहिलं की हिरवं. मनस्वी पुढं जाईल, दुसरा नंबर येईल, पुढल्या वर्षीही सूट मिळेल, श्वास मिळेल. पाय तिचेच होते, ते थांबायला शिकलेलेही होते. वळणाच्या कठड्यापाशी, जिथं टेम्पो उभा होता, तिथं आज माकडं बसली होती.

तिनं गियर जड केला.

सावलीपेक्षा पुढे. मात्रा कमी

छाती अर्धी झाली. हवा आत जाते, बाहेर येत नाही. दम्याची गंमत अशी

मात्रा कमी

की माणूस भरलेल्या छातीनं गुदमरतो. मनस्वीचं चाक. चाकाचा कडेचा भाग. मनस्वीचा खांदा. मनस्वी म्हणाली, "अगं, तू निळी पडलीस," आणि

मात्रा बंद

मग मनस्वी बाजूला नव्हती. शिट्ट्या होत्या. खूप शिट्ट्या. आणि पांढरी रेघ.

*

फलकावर उत्कर्षाचं नाव सगळ्यांत वर होतं. त्यापुढं लिहिलं होतं, निकाल राखून ठेवला आहे.

ती रुग्णवाहिकेच्या पायरीवर मास्क लावून बसली होती. गर्दीतून वाट काढत अक्का आली. अंगावर ऑफिसचा ड्रेस, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर स्कूटरवरची धूळ. ती शेजारी बसली नाही, समोर उभी राहिली.

"खालच्या पडद्यावर बघितलं. धबधब्यापाशी तुझी सावली थांबली."

उत्कर्षानं मान हलवली.

"दमलेला माणूस तसा थांबत नाही. तो हळूहळू मरतो. ती खटकन थांबली, आणि मी जाण्याइतका वेळ थांबून पुन्हा सुटली." अक्कानं ओठ पुसले. "काल मला वाटलं, तू खोटं बोलतीस. रात्रभर तसंच वाटावं म्हणून धडपडत होते."

उत्कर्षानं मास्क बाजूला केला. "मी सकाळी पूर्ण जोर म्हणून सांगितलंय. तू जा घरी."

"गप्प बस. मास्क लाव."

आणि अक्का समितीच्या तंबूकडं गेली. तंबू पंधरा पावलांवरही नव्हता, सगळं ऐकू येत होतं. टेबलाशी एक तरुण कारकून डबा उघडायच्या बेतात होता.

"हरकत नोंदवायची आहे," अक्का म्हणाली. "उत्कर्षा बिरनाळेच्या पायाच्या चाचणीवर."

"आपण कोण?"

"सन्मती बिरनाळे. त्या चाचणीत पहिली आलेली."

कारकुनानं पडद्यावर वरखाली करून बघितलं. "मॅडम, पहिल्या आलेल्याला हरकत घेता येत नाही. हरकत हरलेल्याची असते. इथं तसा पर्यायच नाही."

"मग कुठंतरी लिहून घ्या."

"आणि खेळाडूनं स्वतः आज सकाळी सांगितलंय, पूर्ण जोर होता म्हणून."

"ती धाकटी आहे," अक्का म्हणाली. "ती तसंच सांगणार."

कारकुनानं डब्याचं झाकण पुन्हा लावलं. "निमकर मॅडम जेवायला गेल्यात. आल्या की विचारतो. तुम्ही त्या चाचणीवर नोकरीला वगैरे नाही ना? नाहीतर भानगड होईल, म्हणून विचारलं."

अक्कानं गळ्यातलं ओळखपत्र काढून पर्समध्ये टाकलं. थोडा वेळ पर्सकडं बघत राहिली. मग ते पुन्हा काढलं, गळ्यात घातलं, आणि त्यावरचं नाव आणि हुद्दा कारकुनाला वाचता येईल असं सरळ केलं.

"थांबते मी," ती म्हणाली, आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली.

स्टँडच्या बाजूनं शिट्ट्या चालूच होत्या. उत्कर्षा पायरीवर बसून मोजक्या मोजक्या श्वासांनी बहिणीची पाठ बघत राहिली. पाठ हलली नाही. फलकावरचं वाक्यही नाही.

बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी द्यायचं काम बिरनाळ्यांच्या घरात लहानपणापासून धाकटीकडं होतं, कारण त्या वासानं थोरलीला खोकला यायचा.